मधला कप्पा

मित्रांनो, मी एक जुनी कापडी पिशवी आहे. भाजीची नव्हे, दप्तराची नव्हे. भाजीच्या पिशवीचे नशीब माझ्यापेक्षा बरे. तिला रोज बाहेरची हवा मिळते, चार जणांच्या ओळखी होतात, कधी कधी तर कोथिंबिरीचा वासही मिळतो. माझे काम वर्षातून फक्त दोन संध्याकाळचे. बाकीचे सगळे वर्ष मी घडी होऊन अंधारात पडून असते. त्यामुळे मला विचार करायची आणि जराशी कुरकुर करायची सवय लागली आहे. तेवढी सांभाळून घ्या.

मी चौकोनी आहे, दोन वीत लांब आणि दोन वीत रुंद. माझ्या पोटात एकावर एक असे तीन कप्पे आहेत. त्यांत तीन भाकरी ठेवतात, पण त्या बेखमीर असाव्या लागतात. पीठ फुगावे म्हणून जे खमीर घालतात ते त्यांत नसते. यहुदी लोकांचे पूर्वज मिसर म्हणजे इजिप्त देशात गुलाम होते. तिथून त्यांची सुटका झाली तेव्हा निघायची इतकी घाई होती की पीठ फुगायलाही वेळ मिळाला नाही. न फुगलेलेच भाजून त्यांनी ते बरोबर घेतले. त्या सुटकेची आठवण म्हणजे वल्हांडण सण. या सणाचे आठ दिवस यहुदी घरात पाव नसतो, पावाचा चुराही नसतो. आधीचे दोन आठवडे कपाटे, कोटांचे खिसे, गाद्यांच्या कडा, सारे झटकून काढतात. सणाची भांडी वेगळी, सणाची चादर वेगळी, आणि भाकरीची पिशवी म्हणजे मी. पावाचा एक कणही मला लागता कामा नये, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होते. खरे सांगायचे तर माझी सगळी ऐट त्यावरच होती.

माझा जन्म शिवणाच्या मशीनवर झाला. ते मशीन जेवणाच्या खोलीत खिडकीपाशी होते आणि त्यावर घरातली आई बसायची. ती शाळांचे गणवेश शिवायची. तिच्या पायाशी कापडाच्या उरलेल्या तुकड्यांचे एक खोके असे. त्याच्याकडे बघून ती म्हणायची, "एक ना धड, भाराभर चिंध्या." पण त्यातले टाकायची मात्र काही नाही. एकदा एका नवरीच्या झग्यातून पांढऱ्या सॅटिनचा मोठा तुकडा उरला. नवरीची आई म्हणाली, ठेवा तुम्हीच. आईने तो पाण्यातून काढला, वाळवला, त्यावर खडूने रेघा मारल्या आणि मला कापले. आतून सुती अस्तर लावले. कडेला निळ्या दोऱ्याने द्राक्षाची वेल भरली. वेलीचे शेवटचे पान जरा वाकडे आले. ते उसवायचे तिच्या मनात होते, पण सण तोंडावर आला होता, म्हणून तसेच राहिले. घाईत जन्मलेल्यांच्या अंगावर एखादे पान वाकडे असतेच, मित्रांनो. त्याचे वाईट वाटून घेऊ नये.

घरात चार माणसे होती. आई, घड्याळे दुरुस्त करणारे बाबा, थोरली मुलगी आणि धाकटा मुलगा. सणाच्या संध्याकाळी बाबा टेबलाच्या टोकाला बसून सुटकेची गोष्ट वाचत. त्याआधी हात पुसून माझ्या मधल्या कप्प्यात घालत. वरची नाही, खालची नाही, मधलीच भाकर काढून तिचे दोन तुकडे करत. लहान तुकडा परत माझ्यात येई. मोठा तुकडा रुमालात गुंडाळून ते घरात कुठेतरी लपवत. जेवण झाले की मुलांनी तो शोधून आणायचा, त्यातला घास सगळ्यांनी खायचा, आणि त्यानंतर काही खायचे नाही. तो तुकडा हाती आल्याशिवाय जेवण पुरे होत नाही.

थोरली शिस्तीत शोधायची, एकेक खण उघडून. धाकटा मात्र जागचा हलायचाही नाही, नुसता बाबांच्या तोंडाकडे बघायचा. बाबा जिकडे बघायचे टाळतात तिकडेच तुकडा असतो, हे त्याने ओळखले होते. दर वर्षी तोच जिंकायचा आणि थोरली फुरंगटून बसायची. पाहुण्या बायका मला हातात घेऊन उलटसुलट करून बघत आणि टीप किती सरळ आली आहे म्हणत. मी मनातल्या मनात फुलून जात असे. असे दिवस मला फार मिळाले नाहीत.

धाकटा मोठा झाला आणि चष्म्याच्या दुकानात काचा घासायला लागला. त्याच्या शेजारच्या स्टुलावर एक म्हातारा कारागीर बसायचा. दुपारच्या सुट्टीत तो डबा उघडायच्या आधी नवा करार, म्हणजे ख्रिस्ती लोकांचा येशूविषयीचा धर्मग्रंथ, उघडायचा आणि अर्धे पान मोठ्याने वाचायचा. धाकट्याने आधी गंमत म्हणून ऐकले, मग ते पुस्तक मागून घेऊन वाचले. त्यात त्याला परके असे काही सापडेना, हीच खरी पंचाईत झाली. सगळे आपलेच लोक, आपलेच सण, भांडणेसुद्धा आपलीच. आणि पकडले जाण्याच्या आधी येशू आपल्या माणसांबरोबर शेवटचा बसला होता तो वल्हांडणाच्या जेवणाला. त्याने भाकर घेतली, मोडली आणि त्यांना दिली. धाकट्याने दोन वर्षे हे मनात ठेवले. मग सणाला दहा दिवस असताना एका सकाळी त्याने घरात सांगून टाकले की, देव पाठवणार म्हणून ज्या मसीहाची, तारणाऱ्याची, आपण वाट बघतो तो हाच, असा माझा विश्वास बसला आहे.

आई तेव्हा मलाच इस्त्री करत होती. तिचा हात थांबला. माझ्या कडेला एक पिवळसर डाग आहे, तो त्या सकाळचा.

बाबांनी डोळ्याला लावलेले भिंग काढून टेबलावर ठेवले. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "तू इतर कुठल्याही दिवशी ये. घर तुझंच आहे. पण वल्हांडणाला येऊ नकोस. तुला समोर बसवून मला वाचता यायचं नाही."

धाकट्याने मान हलवली. मोठे भांडण झाले असते तर बरे झाले असते, कारण भांडण मिटवता येते. हे तसेच राहिले. आठवड्याभरात त्याने भाड्याची खोली घेतली. इतर दिवशी ये म्हटले होते, पण तो गेला नाही आणि बाबांनी पुन्हा बोलावले नाही. खाण तशी माती. दोघेही हट्टी.

तो निघाला त्या सकाळी बाबा दुकानात होते आणि थोरली कामावर. आईने मला त्याच्या शर्टांच्या घडीत सरकवले. "कुठेही राहिलास तरी भाकर यात ठेव," ती म्हणाली, "आणि मी दिली म्हणून कोणाला सांगू नकोस." घरात पिशवी दिसेना तेव्हा थोरलीने ठरवून टाकले की जाता जाता धाकट्यानेच ती उचलून नेली. आई हो म्हणाली नाही आणि नाहीही म्हणाली नाही. त्या वर्षापासून त्या घरातल्या तीन भाकरी साध्या रुमालात ठेवू लागले. हे सगळे मला फार उशिरा कळले.

धाकट्याची खोली तिसऱ्या मजल्यावर होती. एक अरुंद खाट, एक शेगडी, एक खुर्ची. दुसरी खुर्ची लागलीच नाही. सणाच्या संध्याकाळी तो मला खणातून काढायचा, तीन भाकरी नीट ठेवायचा, मधली भाकर मोडायचा आणि गोष्ट स्वतःच वाचायचा. मोठा तुकडा रुमालात गुंडाळून कपाटावर ठेवायचा. मग जेवायचा. जेवण झाले की उठून तो तुकडा कपाटावरून काढायचा. मित्रांनो, तुम्ही कधी एकट्याने लपाछपी खेळून बघा. लपवणारा तोच, शोधणारा तोच, आणि सापडल्यावर हसायला कोणी नाही. तो मोठ्याने बोलायला लागला होता. एकट्या माणसांना ती खोड लागते. म्हणून तर मला एवढे सगळे ठाऊक आहे.

ख्रिस्ती मंडळीत तो दर रविवारी जायचा. तिथले लोक मनाने चांगले होते. तो तापाने पडला तेव्हा आळीपाळीने त्याला जेवण पोचवत होते. पण यहुदी घरातून आलेला सगळ्या मंडळीत तो एकटाच. त्याला नावाने फार कोणी हाक मारत नसे. "आमचे यहुदी बंधू" म्हणत. प्रेमानेच म्हणत, पण घरच्या माणसाला कोणी अशी ओळख चिकटवते का?

ईस्टरच्या आधीच्या आठवड्यात मंडळीचे पाळक म्हणजे धर्मगुरू त्याला सभागृहात वल्हांडणाचे जेवण समजावून सांगायला बोलवत. टेबलावर पांढरी चादर आणि मधोमध मी. तो शांतपणे सांगायचा, "मधली भाकर मोडतात, कापडात गुंडाळतात, नजरेआड करतात, आणि ती परत आणली की सगळ्यांना घास मिळतो. माझ्या आईवडिलांना यात पूर्वजांची सुटका दिसते, आणि ती आहेच. मला त्यात माझा प्रभूही दिसतो, मारला गेला, कापडात गुंडाळून पुरला गेला आणि परत उठला तो." लोक हळूच आमेन म्हणत. मला हातात घेऊन माझे कप्पे मोजत. मला विचाराल तर मला फक्त भाकरीचे वजन कळते. पण ते बोलताना त्याचा आवाज खरा असायचा, एवढे मी सांगू शकते.

सगळ्यांना ते पटत होते असेही नाही. मंडळीतले एक वयस्क काका, निवृत्त हिशेबनीस, दर वर्षी कार्यक्रमानंतर त्याला कोपऱ्यात घेत. ते सण म्हणजे सावली होती, आता खरी वस्तू आली, मग सावली कशाला धरून बसायची, असे त्यांचे म्हणणे. दुसरीकडे एक उत्साही काकू होत्या. त्यांनी माझा कागदी नमुना काढून तशा चार पिशव्या शिवल्या आणि दिवाणखान्यात भिंतीवर टांगल्या. एकाला मी नकोच होते आणि एकीला मी चार हव्या होत्या. दोघांनाही वाटे की आपण त्याच्या भल्याचेच बोलतो आहोत. मग लोक आपापल्या मुलाबाळांना घेऊन घरी जात, आणि धाकटा चादर झटकून मला घडी घालत तिथेच बराच वेळ उभा राही.

मधल्या काळात बाबा गेले. थोरलीने निरोप पाठवला, पण धाकटा पोचेपर्यंत लोक दफनभूमीतून परत निघाले होते. हा फाटकापाशी उभा राहिला. त्याच्या समोरून सगळे गेले आणि कोणी थांबले नाही. आईला दोन बायकांनी धरले होते, तिने मान वर केली की नाही हे त्याला दिसले नाही. खोलीवर येऊन त्याने मला खणातून काढून मांडीवर घेतले. सण नव्हता, भाकर नव्हती. नुसता बसून राहिला.

अशी सोळा वर्षे झाली. म्हातारा कारागीर दुकानाचा मालकही होता; तो वारला आणि दुकान धाकट्याच्या हाती आले. मग ती चूक झाली.

मंडळीत लहान मुलांचा रविवारचा वर्ग घेणाऱ्या एक बाई होत्या. मुलांना दाखवायला म्हणून त्यांनी मला मागून नेले. धाकटा म्हणाला, "जपून वापरा." बाई म्हणाल्या, "अगदी डोळ्यात तेल घालून." आणि त्यांनी खरोखर जपले. मला डाग लागू नये म्हणून त्यांनी मुलांना आधी हात धुवायला लावले. पण बेखमीर भाकर त्यांना बाजारात मिळाली नाही. त्यांनी पाव आणला, वाटीने त्याचे गोल काप काढले आणि तिन्ही कप्प्यांत एकेक ठेवला. पावाला काय झाले, भाकर ती भाकर, असे त्यांना वाटले. सोळा वर्षे धाकट्याने लोकांना माझ्या कप्प्यांचा अर्थ सांगितला होता, पण त्यांत पाव चालत नाही हे सांगायचे राहून गेले होते. ज्या घरात तो वाढला तिथे ते सांगावेच लागत नसे.

मुलांना फार मजा आली. एका चिमुरडीने मधला काप आतल्या आत कुस्करला. नंतर बाईंनी मला झटकले, हलकी इस्त्री केली, स्वच्छ कागदात बांधले आणि वर आभाराची चिठ्ठी लावून दुकानात आणून दिले. मधल्या कप्प्याच्या शिवणीत एक कण राहिला होता. तो मला टोचत होता. पण मला तोंड कुठे आहे?

दुसऱ्याच दिवशी थोरली दुकानात आली.

धाकटा काच घासत होता. त्याने चाक थांबवले. तिने काउंटरवर एक चष्मा ठेवला आणि म्हणाली, "आईचा आहे. काडी तुटली." त्याने काच उजेडात धरली आणि आईला आता किती कमी दिसत असेल ते त्याला नंबरावरून कळले. तो नवी काडी बसवू लागला. एवढासा स्क्रू दोनदा खाली पडला. थोरलीनेच तो वाकून शोधून दिला. मग ती सांगू लागली. आई आता थोरलीकडेच असते. या वर्षी तिने हट्ट धरला आहे की, धाकटा आला नाही तर मी सणाच्या टेबलावर बसणार नाही. थोरलीचा नवरा हो म्हणाला आहे. पण थोरलीच्या दोन अटी होत्या.

"टेबलावर तुझ्या त्या गुरूचं नाव काढायचं नाही," ती म्हणाली. "आणि जी पिशवी उचलून नेलीस ती परत आणायची."

आईनेच दिली, एवढे दोन शब्द म्हटले असते तर तो मोकळा झाला असता. ते त्याच्या ओठांवर आले होते, हे मला कागदाआडूनही कळले. त्याने चष्मा पुसून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "आणतो, ताई."

हे मंडळीत कळायला वेळ लागला नाही. हिशेबनीस काका चष्मा घट्ट करून घ्यायच्या निमित्ताने आले आणि मागे वळून बघणाऱ्या बाईचा मिठाचा खांब झाला ती बायबलातली गोष्ट सांगून गेले. पाळकही आले. त्यांचा चष्मा चांगला घट्ट होता. ते म्हणाले, "आपला प्रभू त्या टेबलावर बसला होता, मग तुम्ही का नाही बसायचं? जा. आणि फार बोलू नका."

पुढचे दोन आठवडे धाकट्याच्या अंगात वेगळेच वारे होते. नवा शर्ट शिवून घेतला. बूट तीन वेळा पॉलिश केले. आत गेल्यावर काय म्हणायचे त्याची तो काचा घासता घासता तालीम करायचा, आणि गिऱ्हाईक आले की खोकल्यासारखे करायचा. मला मात्र त्याने उघडले नाही. बाईंची बांधणी इतकी नीटनेटकी होती की घडी मोडू नये म्हणून त्याने कागदासकट मला तसेच ठेवले. सोळा वर्षांनी मी माझ्या टेबलावर जाणार होते. मीही हरखले होते, आणि घाबरलेही होते.

सणाच्या दिवशी सूर्य मावळायला तासभर असताना तो थोरलीच्या जिन्यात उभा राहिला. जिन्याला साबणाचा वास येत होता. थोरलीच्या मुलीने दार उघडले. मामाला ती पहिल्यांदाच बघत होती, म्हणून दाराच्या कडेला धरून बघत राहिली. थोरली आतून आली. तिने पुडके घेतले आणि टेबलाच्या पांढऱ्या चादरीवर ठेवून उघडले. द्राक्षाच्या वेलीवरून तिचे बोट फिरले. तिचा चेहरा जरासा सैल झाला. मग हाताला सवय असते तसे तिने माझे कप्पे एकेक करून उलटे केले. वरचा झाला. मधला उलटला तेव्हा तो कण चादरीवर पडला. पांढरा, एका बाजूने तपकिरी.

"पाव आहे हा," थोरली म्हणाली. "तू यात पाव ठेवलास."

तिने दोन आठवडे गुडघ्यांवर बसून घर घासले होते. तिला वाटले याने आपली चेष्टा केली, किंवा त्याहून वाईट म्हणजे याला आता काहीच वाटत नाही. धाकटा उंबऱ्यातच होता. त्याला सगळे एका क्षणात कळले. हे मी केले नाही, वर्गाच्या बाईंनी केले, असे तो म्हणू शकत होता, आणि ते खोटे नव्हते.

"चूक माझी आहे, ताई," तो म्हणाला. "मी ती वापरायला दिली आणि काय चालत नाही ते सांगितलं नाही. परत आल्यावर उघडून बघितलीही नाही. मी जातो."

थोरलीचे डोळे भरले होते, पण आवाज कडक होता. "चोरून नेलीस ती नेलीस, आणि परत आणलीस ती अशी."

"त्याने चोरली नाही. मी दिली."

आतल्या खोलीच्या दारात आई उभी होती. भिंतीला धरून, नव्या काडीचा चष्मा लावून. ती हळूहळू टेबलापाशी आली. तिने थोरलीला सांगितले की इतकी वर्षे तू त्याला चोर म्हणत होतीस आणि मी ऐकून घेत होते, कारण तुझ्या बाबांना सांगायचा मला धीर झाला नाही, आणि ते गेल्यावर तुला सांगायची लाज वाटली. हे बोलताना ती थोरलीकडे बघत नव्हती, माझ्याकडे बघत होती. मग तिने धाकट्याकडे तोंड केले.

"तू अजून त्यालाच मानतोस?"

मित्रांनो, त्या क्षणी मला वाटले याने नाही म्हणावे. एक संध्याकाळ तरी नाही म्हणावे आणि आत यावे. माझ्यासारख्या कापडाला खऱ्याखोट्याचे काय! पण तो खालच्या आवाजात म्हणाला, "हो, आई. त्यालाच."

"आणि हे टेबल?"

"हेही. हे मी कधी सोडलंच नव्हतं."

आईच्या तोंडावर समाधान नव्हते. तिला ते पटलेले नव्हते, आणि पटणारही नव्हते. तिने मला उचलले, अंगठ्याने मधल्या कप्प्याची शिवण चाचपली आणि मला थोरलीच्या हातात दिले.

"पिशवी बाहेर ठेव," ती म्हणाली. "सण संपेपर्यंत आत आणायची नाही. आणि याला आत घे."

"आई, बाबांनी सांगितलं होतं..."

"बाबा म्हणाले होते, त्यांना वाचता यायचं नाही. ते खरंच होतं. आज तुझा नवरा वाचेल."

थोरलीने तो कण कागदाच्या चिठोऱ्यात घेतला आणि जिना उतरून रस्त्यावरच्या कचराकुंडीत टाकून आली. चादर बदलली. मला दाराबाहेरच्या खिळ्याला अडकवले. आणि दार धरून भावाला म्हणाली, "पाय पुसून ये."

दार बंद झाले. मी बाहेर राहिले.

खोटे कशाला बोलू, मला राग आला. सोळा वर्षे मी या एका टेबलाची वाट पाहिली होती. चूक माझी नव्हती. कण मी मागून घेतला नव्हता. आत माझ्या जागी एक रुमाल होता, साधा, बिनवेलीचा. वाचन सुरू झाले. थोरलीचा नवरा जरा अडखळतच वाचत होता. मग सगळे शांत झाले आणि मधली भाकर मोडल्याचा आवाज आला. तो आवाज मी माझ्या पोटात इतक्या वेळा ऐकला होता, पण दाराबाहेरून ऐकायची ती पहिलीच वेळ. पुढे मुलीचे प्रश्न ऐकू आले, कोणीतरी काहीतरी बोलले आणि आई हसली. त्यात धाकट्याचाही आवाज होता. त्याने शब्द पाळला, त्या नावाचा उच्चार केला नाही. शेवटचा घास खाताना त्याच्या मनात काय होते ते मला माहीत आहे. आईलाही माहीत असावे. तिने तो घास त्याला स्वतःच्या हाताने दिला, असे तो पुढे दुकानात एकटाच बोलत होता.

तो निघाला तेव्हा थोरली दारापर्यंत आली. खिळ्याकडे, माझ्याकडे, दोघांनीही बघायचे टाळले. तिने दाराची कडी उगाच दोनदा वरखाली केली आणि म्हणाली, "उद्याही आहे. सातला बसतो. उशीर करू नकोस."

आठ दिवस मी त्या खिळ्यावर होते. नंतर थोरलीने मला उकळत्या पाण्यातून काढून वाळवले, पण पुन्हा सणाच्या टेबलावर घ्यायला तिचे मन झाले नाही. तिने नवी पिशवी शिवली. तिची टीप फार सरळ आहे म्हणतात. धाकट्यानेही मला सभागृहात नेणे बंद केले. आता मी दुकानाच्या खालच्या खणात आहे, मोडक्या फ्रेमच्या सोबतीला. माझे कप्पे रिकामे असतात. आई जाऊन तीन वर्षे झाली. दर वर्षी सणाच्या दिवशी धाकटा दुकान लवकर बंद करतो, बूट पुसतो आणि जातो. कुलूप लागल्याचा आवाज येतो, आणि मग कितीतरी वेळ दुसरा आवाज येत नाही. मी एकटी असते. पण तो एकटा नसतो.

मित्रांनो, माझी एकच विनंती आहे. दुसऱ्याच्या घरातली जपलेली वस्तू तुमच्या हाती आली, तर तिचा अर्थ काय एवढेच विचारू नका, तिला काय चालत नाही तेही विचारा. आणि वस्तू तुमची असेल तर संकोच न करता सांगा. वर्गातल्या बाई वाईट नव्हत्या. धाकटा बेफिकीर नव्हता. थोरलीचेही काही चुकले नव्हते. तरी कण राहिलाच. तुम्ही कितीही झटकले तरी कधीतरी एखादा कण राहणार. तेव्हा माझ्यासारखीला खुशाल दाराबाहेर टांगा, मी राहीन. माणसाला मात्र आत घ्या.